पात्रवर्गांचा समतोल आणि खेळाचा आनंद : ऑनलाइन भूमिकाखेळांतील एक रचनाप्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

महाभारतात पाच पांडवांच्या वाट्याला आलेल्या प्रसंगांची मोजदाद केली, तर सहदेवाचा वाटा अगदी थोडा भरतो. अज्ञातवासात तो विराटाघरचे गोधन सांभाळतो. युधिष्ठिर, भीम आणि अर्जुन यांच्याभोवती कथा फिरत असताना तो बहुधा बाजूला उभा असतो. या असमान वाटपाबद्दल महाकाव्याच्या कर्त्याला कोणी जाब विचारीत नाही. वाचक वा श्रोता सर्वच पात्रांच्या अंतरंगात ये-जा करू शकतो. त्याला एकट्या सहदेवाच्या जागी बसून संपूर्ण भारत ऐकावे लागत नाही.

ऑनलाइन भूमिकाखेळांत ही सोय उरत नाही. हजारो खेळाडू संगणकाच्या जाळ्यावरून एकाच कल्पित जगात वावरतात आणि प्रत्येक पात्रामागे एक जिवंत मनुष्य बसलेला असतो. ज्याने सहदेव निवडला, तो रोज संध्याकाळचे दोन-तीन तास, आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे, सहदेवच असतो. आपल्या वाट्याला काय आले, याची तक्रार करण्याचा हक्क आणि सोय या दोन्ही गोष्टी त्याच्यापाशी असतात. कथनपर वाङ्मयाला जो प्रश्न कधी फारसा पडला नाही, तो या खेळांच्या रचनाकारांपुढे त्यामुळेच सतत उभा राहिला : भिन्न सामर्थ्याच्या, भिन्न स्वभावाच्या पात्रांमध्ये न्याय्य वाटणी कशी करावी?

या प्रश्नाला खेळांच्या परिभाषेत पात्रवर्गांचा समतोल असे म्हणतात. पात्रवर्ग म्हणजे क्षमता, साधने आणि मर्यादा यांचा असा एक ठरीव संच, की जो खेळाडू आरंभीच निवडतो आणि ज्याच्या चौकटीत त्याच्या पात्राची पुढील वाढ होते. समतोल म्हणजे सर्व वर्गांना सारखेच बळ देणे, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. प्रत्यक्ष इतिहास मात्र निराळे सांगतो. बळ सारखे केले म्हणून आनंद सारखा होत नाही. आणि वर्ग जितके एकमेकांसारखे होत जातात, तितका त्यांच्यातील निवडीचा अर्थ क्षीण होत जातो. खेळाडूला हवी असते ती आपली गरज : गटात आपल्यावाचून अडावे, असा एखादा तरी प्रसंग. ही गरज सर्वांमध्ये कशी वाटावी, हाच समतोलाचा गाभा होय. पुढील विवेचनात काही प्रमुख खेळांच्या आधारे हे सूत्र तपासले आहे.

२. पात्रवर्गाची वाङ्मयीन कुळकथा

पात्रवर्गाची कल्पना संगणकापूर्वीची आहे. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळावयाचा खेळ प्रसिद्ध केला. त्याचे मूळ लहान बाहुल्यांनी खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांत होते. युद्धखेळात एक खेळाडू सैन्य चालवीत असे. नव्या खेळात तो एकच व्यक्ती चालवू लागला. आरंभी वर्ग तीनच होते : लढवय्या, मांत्रिक आणि धर्मोपदेशक. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने त्यांत चोराची भर घातली. सैन्यातील पायदळ, घोडदळ, तोफखाना यांच्यातील भेद जणू माणसांच्या स्वभावभेदात रूपांतरित झाला.

हा स्वभावभेद वाङ्मयातून उचललेला होता, ही बाब तौलनिक अभ्यासकांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ‘रेंजर’ या वर्गामागे टोल्कीनचा अ‍ॅरागॉर्न उभा आहे. ‘पॅलाडिन’ हे नाव शार्लमेनच्या वीरकथांतील बारा सरदारांचे. खेळात ते पोहोचले ते पोल अँडरसन यांच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ या कादंबरीच्या वाटेने. मंत्र एकदा उच्चारला की तो स्मरणातून पुसला जातो, हा नियम जॅक व्हान्स यांच्या कथांमधून आला. ड्रुइड केल्टिक परंपरेतून आला, तर शमन हा शब्द उत्तर आशियातील जमातींच्या भाषेतून. कथेतील नायकाचे वेगळेपण अशा रीतीने नियमांच्या तक्त्यात बसविले गेले. व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ मध्ये रशियन अद्भुतकथांतील पात्रे सात कार्यक्षेत्रांत विभागली होती. पात्रवर्ग हेही एका अर्थी कार्यक्षेत्रच. मात्र प्रॉप यांच्या मांडणीत दाता वा साहाय्यक हे नायकाच्या सेवेसाठी असतात. येथे साहाय्यकालाही नायक व्हावयाचे असते.

टेबलावरच्या खेळात हा पेच माणूस सोडवीत असे. खेळ चालविणारा सूत्रधार समोर बसलेला असल्याने, चोराला बराच वेळ काही करता आलेले नाही हे पाहून तो पुढच्या दालनात एखादे कुलूप ठेवू शके. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ हा अनेकांनी एकत्र खेळावयाचा, केवळ मजकुरावर चालणारा संगणकीय खेळ तयार करावयास घेतला. तेथे सूत्रधाराची जागा यंत्राने घेतली. पुढे कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात ‘डिकूमड’ निर्माण झाला व त्यात मांत्रिक, धर्मोपदेशक, योद्धा आणि चोर हे चार वर्ग आले. यंत्राला खेळाडूची कंटाळलेली मुद्रा दिसत नाही. सूत्रधार ज्या गोष्टी प्रसंगानुसार सावरून घेत असे, त्या आता नियमांतच आधीपासून बसवाव्या लागल्या. समतोलाचा प्रश्न खऱ्या अर्थाने येथे सुरू होतो.

३. परस्परावलंबनाचे सुख आणि दुःख : ‘एव्हरक्वेस्ट’

मार्च १९९९ मध्ये आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ने डिकूमडच्या परंपरेला त्रिमितीय दृश्यरूप दिले. त्यात आरंभी चौदा पात्रवर्ग होते. एकट्याने फिरणे बहुतेक वर्गांना अवघड होते. शत्रू बलवान असत आणि मृत्यूची शिक्षा कठोर असे. सहा जणांचा गट हे खेळाचे मूळ एकक होते. गटात कोणी मार झेलावयाचा, कोणी जखमा भरावयाच्या आणि कोणी शत्रूंना मंत्रमुग्ध करून थोपवून धरावयाचे, अशी विभागणी रूढ झाली. योद्धा, क्लेरिक आणि एन्चँटर या तिघांना खेळाडू ‘होली ट्रिनिटी’, म्हणजे पवित्र त्रयी, म्हणू लागले. पुढील खेळांत तिचेच रूपांतर टँक, हीलर आणि डॅमेज डीलर या त्रयीत झाले. प्रस्तुत विवेचनात त्यांना अनुक्रमे रक्षक, उपचारक आणि प्रहारक म्हटले आहे.

या रचनेचे सुख उघड आहे. क्लेरिकचे आगमन झाले की गटाला हायसे वाटे. त्याच्याशी सौजन्याने वागावे लागे, त्याची वाट पाहावी लागे. त्याची ख्याती सर्व्हरभर होत असे. परस्परावलंबनातून ओळखी होत आणि ओळखीतून मंडळे उभी राहत. आनंद हा येथे विजयाइतकाच अपरिहार्य असण्याचा होता.

दुःखही तितकेच खरे होते. आरंभीच्या काळात खालच्या पातळीवरील मंत्रवापर करणाऱ्या पात्राला शक्ती भरून काढण्यासाठी बसून मंत्रांची पोथी उघडावी लागे आणि ती पोथी पडद्यावरील जगाचे दर्शन झाकून टाकी. सोबती लढत असताना तो खेळाडू पोथीची पाने पाहत राही. पॅलाडिन वा रेंजर यांसारख्या मिश्र वर्गांना तर सुरुवातीच्या काळात पातळी ओलांडण्यासाठी इतरांपेक्षा अधिक अनुभवगुण मिळवावे लागत. एकाहून अधिक विद्या येतात, तर त्याची किंमत मोजावी, हा त्यामागील तर्क कागदावर बिनतोड होता. प्रत्यक्षात ज्याची वाढ मंद आणि ज्याची कोणतीच विद्या परिपूर्ण नाही, अशा सोबत्याला गटात घेण्याविषयी लोक नाखूश असत. हा दंड पुढे काढून टाकण्यात आला.

येथे एक भेद स्पष्ट होतो. वर्ग दुर्बळ असणे वेगळे आणि तो अनावश्यक असणे वेगळे. क्लेरिक एकटा असता दुर्बळच होता; तरी त्याला मान होता. मिश्र वर्ग एकटा असता तग धरू शके. तरी त्याला दाराबाहेर थांबावे लागे.

४. समतोल नेमका कशाचा?

बुद्धिबळाच्या पटावर वजीर, हत्ती, उंट, घोडा आणि प्यादे यांच्या बळात प्रचंड अंतर असते. तरीही खेळ समतोल मानला जातो. कारण तेथे समतोल दोन बाजूंमध्ये असतो, सोंगट्यांमध्ये नाही. दोन्ही खेळाडूंना तेच सैन्य मिळते. जुन्या शतरंजात वजीर तिरके एकच घर चालत असे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला पटभर संचार करण्याची मुभा मिळाली. एवढा मोठा बदल झाला, पण कोणत्याही घोड्याने आपले महत्त्व घटल्याची तक्रार केली नाही. ऑनलाइन भूमिकाखेळ म्हणजे ज्याच्या प्रत्येक सोंगटीत एक माणूस बसला आहे, असा पट होय. त्यामुळे बाजूंच्या समतोलाचे जुने गणित तेथे पुरत नाही.

या खेळांत किमान तीन पातळ्यांवर समतोल अपेक्षिला जातो. पहिली पातळी दोन खेळाडूंच्या द्वंद्वाची. येथे बहुधा कागद, कात्री आणि दगड यांच्यासारखी चक्राकार व्यवस्था केलेली असते : एक वर्ग दुसऱ्याला भारी, दुसरा तिसऱ्याला आणि तिसरा पहिल्याला. एकंदर हिशेबात ती न्याय्य असते. पण ज्याला नेमका आपला काळ ठरणारा प्रतिस्पर्धी भेटतो, त्याला ती न्याय्य वाटत नाही. दुसरी पातळी गटाची : यंत्राने चालविलेल्या बलाढ्य शत्रूविरुद्ध कोणाचे किती साहाय्य होते? तिसरी पातळी एकाकी दिनक्रमाची : सोबतीला कोणी नसताना पात्राला सुसह्यपणे वावरता येते का? उपचारकाला गटाच्या पातळीवर फार मोठे स्थान असते, पण त्याच्या हाती शस्त्र दुबळे असल्याने तिसऱ्या पातळीवर त्याचे हाल होतात. एका पातळीवर केलेली दुरुस्ती दुसऱ्या पातळीचा तोल घालविते. द्वंद्वात असह्य ठरलेला मंत्र सौम्य केला की, गटात त्यावाचून तोच वर्ग फिका पडतो.

संख्येचाही अडसर आहे. वर्ग नऊ असतील आणि तेच वर्ग पुन्हा घेण्याची मुभा असेल, तर पाच जणांच्या गटाची रचना १,२८७ प्रकारे होऊ शकते. प्रत्येक वर्गाच्या तीन शाखा धरून सत्तावीस प्रकारची पात्रे मानली, तर तिघांच्या चमूच्याच ३,६५४ रचना होतात. यांतील प्रत्येक रचना तपासून समान करणे शक्य नसते, आणि खेळाडू तर सर्वांत लाभदायक रचना थोड्याच दिवसांत शोधून काढतात.

शिवाय मोजता येते ते सर्व अनुभवास येतेच असे नाही. दर सेकंदाला किती हानी केली, हे मोजणे सोपे आहे. परंतु ठक हा वर्ग अदृश्य राहून लढाईची वेळ स्वतः ठरवितो. जादूगार दुरून मारतो, तर योद्ध्याला जवळ जावे लागते. सरासरी समान असली तरी पुढाकार कोणाच्या हाती आहे, यावर सुखदुःख ठरते. बार्टल यांनी १९९६ मध्ये मडच्या खेळाडूंचे चार प्रकार मांडले : यश मिळवू पाहणारे, जगाचा शोध घेणारे, सहवास शोधणारे आणि इतरांवर मात करू पाहणारे. या चौघांची आनंदाची मापे वेगवेगळी आहेत. रॉजे काय्वा यांनी १९५८ मध्ये खेळांची विभागणी स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ या चार तत्त्वांनुसार केली होती. त्या भाषेत बोलावयाचे, तर पात्रवर्गात स्पर्धा आणि सोंग ही दोन तत्त्वे एकाच देहात बांधलेली असतात. स्पर्धेला समानता हवी असते, सोंगाला वेगळेपण. या दोहोंतील ताण कोणत्याही कोष्टकाने मिटत नाही.

५. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ : गरजेची पुनर्वाटणी

हा ताण दीर्घकाळ आणि सर्वांत मोठ्या समुदायासमोर प्रकट झाला तो ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये. नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या या खेळाची वर्गणीदारसंख्या ऑक्टोबर २०१० मध्ये एक कोटी वीस लाखांवर पोहोचली होती. आरंभी त्यात नऊ वर्ग होते : योद्धा, पॅलाडिन, शिकारी, ठक, पुरोहित, शमन, जादूगार, वॉरलॉक आणि ड्रुइड. ‘एव्हरक्वेस्ट’चा कठोरपणा टाळून प्रत्येक वर्गाला एकट्याने वाढता येईल, अशी योजना येथे होती. तिसऱ्या पातळीवरचा प्रश्न त्यामुळे बराच सुटला आणि भार दुसऱ्या पातळीवर आला.

सर्वोच्च पातळी गाठल्यावर चाळीस जणांच्या मोहिमा सुरू होत. त्यांना ‘रेड’ म्हणत. पॅलाडिन, शमन आणि ड्रुइड यांना उपचार, प्रहार आणि काही प्रमाणात रक्षण अशा अनेक विद्या अवगत होत्या. तथापि एकच काम करणाऱ्या वर्गाने त्या कामात सरस असावे, या तत्त्वामुळे त्यांचा प्रहार मुद्दाम थोडा कमी ठेवलेला असे. खेळाडूंनी त्याला मिश्रवर्गावरील कर असे उपरोधिक नाव दिले. परिणाम असा झाला की, हातात परशू घेऊन धर्मयुद्ध लढण्याच्या कल्पनेने ज्याने पॅलाडिन निवडला, त्याला मोहिमेत बहुधा मागे उभे राहून जखमा भराव्या लागत व सोबत्यांना आशीर्वाद द्यावे लागत. आरंभी हे आशीर्वाद पाच मिनिटेच टिकत आणि एकेका व्यक्तीला वेगळे द्यावे लागत. कथेने दिलेले वचन आणि नियमांनी दिलेले काम यांत पडलेली ही फट म्हणजे समतोलाच्या तक्रारींचे मुख्य उगमस्थान होय.

तांत्रिक मर्यादाही वर्गाची किंमत ठरवीत. शत्रूवर एका वेळी आठच अनिष्ट परिणाम राहू शकत; २००५ मध्ये ही मर्यादा सोळा झाली. वॉरलॉक वा प्रहार करणारा पुरोहित यांची खरी कला शत्रूला हळूहळू पोखरणाऱ्या शापांत होती. चाळीस जणांत आठ जागा म्हटल्यावर त्यांना आपली कला वापरण्यास पुष्कळदा मनाई होई. वर्गाची व्याख्या अबाधित होती; ती अभिव्यक्त करावयास जागाच नव्हती.

दोन पक्षांतील समतोलाचे उदाहरण तर वाङ्मयदृष्ट्या अधिकच उद्बोधक आहे. आरंभी पॅलाडिन केवळ ‘अलायन्स’ पक्षात आणि शमन केवळ ‘होर्ड’ पक्षात होते. यामुळे पक्षांना खास व्यक्तिमत्त्व लाभले. पण प्रत्येक मोहीम दोन्ही पक्षांना समान अवघड ठरेल अशी आखणे कठीण झाले. जानेवारी २००७ च्या ‘द बर्निंग क्रुसेड’ या विस्तारात दोन्ही वर्ग दोन्ही पक्षांना मिळाले. त्यासाठी कथा रचावी लागली : ब्लड एल्फ या जमातीने एका बंदिवान प्रकाशजीवाकडून शक्ती ओढून घेऊन पॅलाडिन निर्माण केले, आणि ड्रेनाय जमातीला नोबुंडो नावाच्या उपेक्षित पात्राने शमनविद्या शिकविली. २००८ मध्ये कथेने त्या बंदिवान जीवाची नियतीही पुढे नेली. येथे गणिताच्या निकडीतून पुराणकथा जन्माला आली. कारण आधी आणि कथा नंतर, हा क्रम मौखिक परंपरांच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. कुळाचा हक्क आधी आणि त्याचे आख्यान मागाहून, असे अनेकदा घडलेले आहे.

त्याच विस्तारात मोहिमांची संख्या पंचवीसवर आली आणि शमनाला साऱ्या उपगटाचा वेग वाढविणारी एक विद्या मिळाली. ती इतकी प्रभावी होती की, शमनांना जागोजागी मागणी आली. एका वर्गाची गरज अशी वाढली की दुसऱ्या कोणाची तरी जागा जाते. नोव्हेंबर २००८ च्या ‘रॅथ ऑफ द लिच किंग’ या विस्तारात रचनाकारांनी यावर मूलगामी उपाय योजला. साहाय्यक परिणाम अनेक वर्गांत वाटून दिले, ते संपूर्ण गटाला लागू केले आणि एकसारखे दोन परिणाम एकत्र चढणार नाहीत अशी व्यवस्था केली. ‘वर्ग पाहू नका, खेळाडू पाहून घ्या’ असे या धोरणाचे सूत्र होते. एप्रिल २००९ मध्ये एकाच पात्राला दोन शाखा बाळगून त्यांत अदलाबदल करण्याची सोय मिळाली. २०१० च्या ‘कॅटक्लिझम’ विस्तारात शमनाची ती वेगविद्या वेगळ्या नावाने जादूगारालाही मिळाली.

न्यायाच्या दृष्टीने हे पाऊल योग्यच होते. मित्राला केवळ त्याच्या वर्गामुळे घरी ठेवावे लागू नये, ही भूमिका मानवी आहे. तथापि लवकरच उलट तक्रार ऐकू येऊ लागली : सर्व वर्ग एकमेकांसारखे झाले, नावे आणि रंग तेवढे निराळे राहिले. ज्याच्या जागी दुसरा कोणीही चालतो, त्याला जागा मिळते. पण त्या जागेवर त्याचे नाव नसते. ऑगस्ट २०१६ च्या ‘लीजन’ विस्तारात पुन्हा वर्गाच्या स्वतंत्र ओळखीवर भर देऊन प्रत्येक वर्गाला स्वतःचे सभागृह आणि प्रत्येक शाखेला स्वतःची शस्त्रे देण्यात आली, तो या तक्रारीचा उतारा होता. २०१९ मध्ये खेळाची जुनी आवृत्ती अधिकृतपणे पुन्हा सुरू करण्यात आली, तेव्हा तिच्या सर्व विषमतांसह ती आवडीने खेळणारे असंख्य लोक निघाले.

भूमिकांचे अर्थकारणही नोंद घेण्याजोगे आहे. डिसेंबर २००९ मध्ये यंत्राने आपोआप गट जुळवून देण्याची सोय आली. पाच जणांत एक रक्षक, एक उपचारक आणि तीन प्रहारक असे प्रमाण ठरलेले होते. प्रहारकांची रांग लांब आणि रक्षकांची आखूड, असे चित्र दिसू लागले. जबाबदारी आणि दोष या दोहोंचा भार रक्षकावर अधिक असल्याने ते काम पत्करण्यास लोक बिचकत. २०११ मध्ये ज्या भूमिकेचा तुटवडा असेल, ती पत्करणाऱ्यास जादा बक्षीस देण्यात येऊ लागले. गरज असणे आणि ते काम आनंदाचे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याची ही कबुलीच होती.

गरजेची मोजणी किती अवघड आहे, हे २०२३ च्या एका उदाहरणावरून दिसते. ‘इव्होकर’ या वर्गाला त्या वर्षी अशी एक शाखा मिळाली, की जिचे मुख्य काम सोबत्यांचा प्रहार वाढविणे हे होते. झालेली हानी मोजण्याची खेळाडूंची साधने ती वाढ सोबत्याच्या खात्यावर टाकीत. मग श्रेय कोणाचे, हा वाद उभा राहिला. संगीतात साथीदाराचे श्रेय कसे मोजावे, याच प्रश्नाचे हे यांत्रिक रूप होय.

६. दोन प्रतिउदाहरणे

परस्परावलंबनच टाळले तर प्रश्न सुटेल, असे गृहीत धरून ऑगस्ट २०१२ मध्ये ‘गिल्ड वॉर्स २’ हा खेळ आला. त्यात प्रत्येक वर्गाला स्वतःच्या जखमा भरण्याची विद्या दिली होती आणि पडलेल्या सोबत्याला कोणीही उठवू शके. उपचारकाची वाट पाहत ताटकळण्याचा त्रास संपला. परंतु सर्वच जण स्वतःपुरते समर्थ झाल्यावर मोजण्याजोगी गोष्ट एकच उरली, ती म्हणजे प्रहार. भुयारांतील मोहिमांसाठी अधिकाधिक प्रहार करणारी सामग्री बाळगणाऱ्यांचे गट बनू लागले आणि जे वर्ग त्यात कमी पडत, ते पुन्हा दाराबाहेर राहिले. २०१५ च्या विस्तारात रेंजर या वर्गाला ड्रुइड ही शाखा मिळाली आणि दहा जणांच्या मोहिमांत तो उपचारक म्हणून स्थिर झाला. गरज पुढच्या दाराने घालविली, तर ती मागच्या दाराने परत आली.

दुसरे उदाहरण अधिक खिन्न करणारे आहे. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’मध्ये तीसहून अधिक व्यवसाय होते आणि त्यांत नर्तक, वादक, वैद्य, कारागीर यांचाही समावेश होता. लढून थकलेल्या पात्राचा मानसिक शीण उतरण्यासाठी त्याला पानगृहात जाऊन नर्तकाचे वा वादकाचे सादरीकरण पाहावे लागे. ज्याने शस्त्र कधी उचलले नाही, असा कलावंतही अशा रीतीने योद्ध्यांच्या जगात आवश्यक ठरला होता. शक्तीच्या कोष्टकात हा खेळ विस्कळीत होता. गरजेच्या कोष्टकात त्याची श्रीमंती विलक्षण होती. नोव्हेंबर २००५ मध्ये संचालकांनी ही रचना मोडून नऊ ठळक वर्ग ठेवले, आणि दीर्घ परिश्रमांनी मिळणारे जेडायपद कोणालाही आरंभीच निवडता येईल असे केले. प्राणी पाळून शिकविणाऱ्यांचा व्यवसाय तर नाहीसाच झाला. नवी रचना सुटसुटीत होती. पण दोन वर्षे जी व्यक्ती होऊन माणसे जगली, ती व्यक्तीच एका रात्रीत रद्द झाली. तीव्र निषेध झाला, अनेक खेळाडू सोडून गेले आणि डिसेंबर २०११ मध्ये खेळ कायमचा बंद झाला. बंद होण्यामागे इतरही कारणे असू शकतात. परंतु समतोलाच्या नावाखाली पात्राची ओळख हिरावून घेता येत नाही, हा धडा त्या निषेधातून घेतला गेला.

७. समतोल की औचित्य?

वरील उदाहरणांवरून असे दिसते की, समता हे या प्रश्नाचे पुरेसे परिमाण नाही. भारतीय काव्यशास्त्रातील एक संज्ञा येथे अधिक उपयोगी पडते. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथात औचित्य हे रसयुक्त काव्याचे जीवित मानले. औचित्य म्हणजे ज्याचे त्याला साजेसे स्थान. गळ्यातला अलंकार आणि पायातला अलंकार यांचे वजन सारखे असण्याची गरज नसते. प्रत्येकाने आपल्या जागी शोभा आणली पाहिजे. पात्रवर्गांच्या संदर्भात औचित्याचे तीन निकष सांगता येतील. पहिला, वर्गाच्या कथेने जे वचन दिले, ते त्याच्या नियमांनी पाळावे. दुसरा, समान आकाराच्या गटात प्रत्येक वर्गाला अपरिहार्य होण्याचा प्रसंग वेळोवेळी मिळावा. तिसरा, ती अपरिहार्यता इतकी कायम असू नये की, दुसऱ्याला कधीच जागा मिळू नये.

हे निकष एकमेकांना छेद देतात आणि म्हणूनच काम कधी पूर्ण होत नाही. दर काही आठवड्यांनी ‘पॅच’ म्हणजे सुधारित नियम येतात. कोणाचे बळ वाढते, कोणाचे घटते. बळ घटविण्याला खेळाडूंच्या बोलीत ‘नर्फ’ म्हणतात. हा शब्द स्पंजाच्या मऊ खेळण्यांच्या एका प्रसिद्ध नावावरून आला आहे. धारदार तलवार एका सकाळी मऊ होते. मुद्रित ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली तरी जुनी वाचकाच्या कपाटात राहते. येथे जुनी आवृत्ती नाहीशी होते आणि नवी संहिता वाचक तीत वावरत असतानाच लिहिली जाते. संहिता, कर्ता आणि वाचक यांच्या संबंधांचा विचार करणाऱ्या अभ्यासकाला यापेक्षा उघड उदाहरण क्वचितच मिळेल : कर्त्याच्या प्रत्येक दुरुस्तीला वाचक आपल्या आयुष्यातील तासांच्या हिशेबाने उत्तर देतो.

८. समारोप

पात्रवर्गांचा समतोल हा वरवर अंकगणिताचा विषय असला, तरी त्याच्या मुळाशी कथनाचा एक जुना प्रश्न आहे : अनेक पात्रे असलेल्या कथेत दुय्यम कोण आणि का? महाकाव्याला त्याचे उत्तर सोपे गेले, कारण दुय्यमत्व भोगणारा कोणी प्रत्यक्ष नव्हता. तरीही महाकाव्याने एक गोष्ट ओळखली होती. सभापर्वात शकुनीच्या वधाची प्रतिज्ञा सहदेवाच्या तोंडी आहे आणि शल्यपर्वात ती त्याच्याच हातून पुरी होते. त्या क्षणी ना भीमाची गदा उपयोगाची, ना अर्जुनाचे गांडीव. तो क्षण सहदेवाचा. त्याचा वाटा थोडा राहिला, पण तो रिता राहिला नाही.

ऑनलाइन भूमिकाखेळांच्या रचनाकारांनी १९९९ पासून जे प्रयोग केले, त्यांचे सार याहून फार वेगळे नाही. सर्वांना सारखे करणे शक्य आहे, पण त्यात पात्र हरवते. सर्वांना वेगळे ठेवणे शक्य आहे, पण त्यात कोणी तरी दाराबाहेर राहतो. या दोहोंच्या मध्ये प्रत्येकासाठी त्याचा शकुनी राखून ठेवणे आणि तो वेळेवर रणांगणात आणणे, हे रचनेचे खरे काम होय.